आपल्या गावातल्या जिमखान्याचा इतिहास कसा गोळा करायचा आणि कसा लिहायचा

सध्या एकेका जिमखान्याची शंभरी, सव्वाशे वर्षं, दीडशे वर्षं अशी रांगच लागलीये. बॉम्बे जिमखाना 1875 चा, पारशी जिमखाना 1885, इस्लाम जिमखाना 1890 च्या दशकातला, पी. जे. हिंदू जिमखाना 1894, पुण्याचा डेक्कन जिमखाना 1906, कॅथलिक जिमखाना 1912. ही झाली मोठी नावं, पण जिल्ह्याच्या तालुक्याच्या गावातही कुठे ऑफिसर्स क्लब, कुठे टाउन क्लब, कुठे नुसतंच "क्लबावर चाललो" म्हणतात अशी एक कौलारू इमारत, पुढे टेनिस कोर्ट आणि आत पत्त्यांची खोली असतेच. मोठं वर्ष आलं की कमिटी स्मरणिका काढायचं ठरवते, जाहिराती गोळा होतात, पहिली पानं शुभेच्छांची, मग माजी अध्यक्षांचे फोटो ओळीने, आणि इतिहास म्हणून दीड-दोन पानं जी मागच्या स्मरणिकेतून जशीच्या तशी उचललेली असतात. हे काम नीट करायचं असेल तर कसं करायचं ते इथे लिहितोय, मी आमच्याकडच्या एका जुन्या क्लबासाठी हे केलंय आणि अजूनही करतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. अध्यक्षांची यादी म्हणजे इतिहास नाही. माझ्या मते कुठल्याही जिमखान्याचा इतिहास तीन प्रश्नांभोवती फिरतो, मैदान कुणाचं होतं आणि कसं मिळालं, आत कुणाला घेतलं आणि कुणाला नाही, आणि जे सभासद नव्हते त्या गावकऱ्यांना त्याचा काय उपयोग झाला. बाकी ट्रॉफ्या, पाहुणे, उद्घाटनं हे सगळं त्याच्या मागून येतं.

मैदानापासून सुरुवात करा, कारण मैदानाचे कागद सरकारी असतात आणि सरकारी कागद सहसा कुठेतरी शिल्लक असतो. सिटी सर्व्हे ऑफिसातून मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा, गावठाणाबाहेर असेल तर सातबारा आणि जुने फेरफार काढा. जमीन मालकीची का शासनाने भाडेपट्ट्याने दिलेली, कधी दिली, कुठल्या अटीवर दिली, पट्टा किती वर्षांचा, हे बघायचं. भाडेपट्ट्याची मूळ प्रत कलेक्टर ऑफिसात किंवा नगरपालिकेत असू शकते. अटी शब्द न शब्द वाचा. "खेळासाठी" म्हणून दिलेल्या मैदानावर पुढे काय काय झालं हा पूर्ण एक प्रकरणाचा विषय निघतो.

मैदानाचा प्रश्न किती मोठा असतो ते मुंबईकडे बघून कळतं. 1870-80 च्या सुमारास एस्प्लनेडवर, म्हणजे आत्ताच्या आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल या पट्ट्यात, पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळायची आणि त्याच जमिनीवर बॉम्बे जिमखान्याचे युरोपियन सभासद घोड्यावर बसून पोलो खेळायचे. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची वाट लागायची. बॉम्बे जिमखान्याकडे स्वतःचं राखीव क्रिकेट मैदान होतं आणि तरी पोलो मात्र इतरांच्या जागेवर. पारशी खेळाडूंनी गव्हर्नरकडे अर्जांवर अर्ज केले, कधी दिलासा मिळाला कधी काढून घेतला, आणि हे भांडण कित्येक वर्षं चाललं. शापूरजी सोराबजी यांनी ते 1897 साली पुस्तकात लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला माहितीये. शेवटी समुद्राकाठी केनेडी सी फेसला भराव टाकून तयार झालेल्या जमिनीवर आधी पारशांना, मग मुसलमानांना, मग हिंदूंना जागा मिळाल्या. मरीन ड्राइव्ह तेव्हा झालेलाच नव्हता. आज तिथून गाडीने जाताना एका ओळीत जिमखाने दिसतात ती ओळ या भांडणातून आलीये, आणि सरकारने धर्मानुसार वेगवेगळे प्लॉट दिले त्यातूनही आलीये. म्हणून आपल्या गावच्या क्लबाच्या बाबतीत विचारा की क्लब व्हायच्या आधी त्या मैदानावर कोण होतं, गुरं चरायची का, बाजार भरायचा का, पलटणीची परेड व्हायची का, आणि त्यांचं पुढे काय झालं.

दुसरं ऑफिस धर्मादाय आयुक्तांचं. बहुतेक क्लब 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असतात. तिथे परिशिष्ट 1 चा उतारा मिळतो, घटना मिळते, आणि चेंज रिपोर्ट मिळतात ज्यात विश्वस्त कधी कोण बदलले ते कळतं. नक्कल अर्ज करा, फी भरा, आणि पाठपुरावा करत रहा, एका फेरीत काम होईल ही अपेक्षा ठेवू नका. घटनेची सगळ्यात जुनी प्रत मिळवाच. सभासद कोण होऊ शकतो हे कलम जुन्या घटनेत कसं होतं आणि पुढे कधी कसं बदललं, हे दोन प्रती शेजारी ठेवून वाचलं की जे स्मरणिकेत कधीच येत नाही ते समोर येतं.

आता खरा खजिना, प्रोसिडिंग बुक. मीटिंगची इतिवृत्तं. क्लबात ती सहसा ऑफिसच्या कपाटात वरच्या फळीवर नाहीतर पॅव्हेलियनच्या जिन्याखाली असतात आणि कसर, वाळवी, ओल या तिघांच्या तावडीत असतात. हात लावायच्या आधी सेक्रेटरींचं लेखी पत्र घ्या की मला वाचायला आणि फोटो काढायला परवानगी आहे, कारण कमिटी बदलली की आधीच्यांनी तोंडी दिलेली परवानगी कुणाला आठवत नाही. वह्या घरी नेऊ नका, तिथेच बसून काम करा. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, कोरं पानसुद्धा सोडू नका, आणि त्याच संध्याकाळी फाइलला नाव द्या, आधी वर्ष मग महिना मग पान नंबर. नंतर करू म्हटलं की शेकडो फोटो नुसते आकड्यांच्या नावाने पडून राहतात. धूळ मऊ ब्रशने झटका. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, दोन्हीने कागद कायमचा खराब होतो. ओलं पान असेल तर उन्हात टाकू नका, पंख्याखाली सावलीत सुकवा.

वाचताना काय बघायचं? ठराव तर बघाच, पण नामंजूर झालेले ठराव जास्त बघा. कुणाचा सभासदत्वाचा अर्ज फेटाळला, शाळेला मैदान द्यायला नकार का दिला, वर्गणी चार आण्यांनी वाढवायला कुणी विरोध केला, बायकांना कोर्ट वापरायला कधी आणि कुठल्या वेळेत मुभा मिळाली, रोलर घ्यायला पैसे कुठून आणले. माझ्या अनुभवात गावाचा स्वभाव जितका या वादांत दिसतो तितका कुठल्याच भाषणात दिसत नाही. तारखा शके मध्ये असतील तर 78 मिळवा, म्हणजे शके 1828 म्हणजे 1906, फक्त जानेवारी ते गुढीपाडवा एवढ्या काळात 79 मिळवावे लागतात ते लक्षात ठेवा. जुने हिशेब मोडी लिपीत असतील तर घाबरू नका, मोडी वाचणारे लोक पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात आणि इतरही ठिकाणी आहेत, क्लासही चालतात, दोन-चार पानं वाचून घेतली की अक्षराची सवय होते. आणि रुपये-आणे-पै आहे तसंच लिहा, 16 आण्यांचा रुपया आणि 12 पैचा आणा, दशमान पद्धत 1957 ला आली, त्याचं आजच्या रुपयात रूपांतर करत बसू नका. त्यापेक्षा त्याच वहीत माळ्याचा महिन्याचा पगार शोधा आणि सभासदाच्या वर्गणीशेजारी ठेवा, वाचणाऱ्याला लगेच कळतं की क्लब कुणाला परवडत होता.

हिशेबाची वही कंटाळवाणी वाटते पण क्लब खरंच काय होता ते तिथेच कळतं. जमेच्या बाजूला वर्गणी किती, मैदानाचं भाडं किती, लग्नासाठी लॉन दिलं त्याचे किती, परमिट रूमचे किती. दर दहा वर्षांनी एक ताळेबंद घ्या आणि या रकमा शेजारी शेजारी मांडा. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आल्यावर क्लबाच्या जमेत काही फरक पडला का ते बघा. खर्चात बॉल, जाळी, चुना, मॅटिंग म्हणजे खेळपट्टीवर अंथरायची चटई, यावर किती गेले आणि पार्ट्यांवर किती, हे पण बघा. माझा अनुभव असा की ज्या दशकात खेळाचा खर्च कमी होतो त्याच दशकात बाहेरच्या मुलांचं मैदानावर येणं कमी होतं.

आता माणसं. इथे सगळे जण माजी अध्यक्ष, माजी सेक्रेटरी यांच्याकडे जातात. त्यांच्याकडे जाच, पण आधी माळीकाका, टेनिसचा आणि बिलियर्ड्सचा मार्कर (म्हणजे खेळाची व्यवस्था बघणारा क्लबाचा पगारी माणूस), कँटीनवाले, पोहायच्या टाकीवरचे जीवरक्षक यांच्याकडे जा. अध्यक्ष दोन-तीन वर्षांनी बदलतो, माळी चाळीस वर्षं तिथेच असतो आणि बऱ्याचदा त्याच्या आधी त्याचे वडीलही तिथेच असतात. कोर्टावर शेणमाती कशी घालायचे, पावसाळ्यात खेळपट्टी कशाने झाकायचे, कोण पहाटे अंधारात येऊन प्रॅक्टिस करायचं, कुणाच्या पोराला सभासद नसतानाही आत सोडायचे, हे फक्त त्यांनाच माहीत असतं.

आणि हे मी जे एवढं जोर देऊन सांगतोय त्याचं कारण पाळवणकर बाळू. पुण्याच्या युरोपियनांच्या जिमखान्यात हा माणूस महिना 4 रुपयांवर कामाला होता, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची, आणि साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकायची. बॅट मात्र हातात मिळत नव्हती. तिथे ग्रेग नावाच्या साहेबाला तासन् तास बॉलिंग टाकून टाकून बाळू देशातला सगळ्यात भारी डावखुरा स्पिनर झाला. मग हिंदूंच्या क्लबाला तो संघात हवा होता, कारण युरोपियनांना हरवायचं होतं, पण जातीने तो चांभार, त्यामुळे मैदानावर बॉल सगळ्यांनी हाताळलेला चालायचा आणि चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. पुढे 1906 ला मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं त्या संघात बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम होते, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरच्या वर विकेट घेतल्या, आणि तरी कॅप्टन तो कधी झाला नाही. धाकटा भाऊ विठ्ठल 1923 ला हिंदूंचा कॅप्टन झाला. आता विचार करा, पॅव्हेलियनमधल्या लाकडी बोर्डावर सोनेरी अक्षरात काय लिहिलेलं असतं, कॅप्टनची नावं आणि विजयाची वर्षं. चहा कुणाला कुठे मिळाला हे बोर्डावर नसतं, ते विचारावं लागतं आणि विचारलं नाही तर ते माणसाबरोबर जातं.

म्हणून मुलाखत घेताना "क्लबाबद्दल काही आठवणी सांगा" असं विचारू नका, समोरचा माणूस गडबडतो आणि भाषण देतो. वस्तूंबद्दल विचारा. पाण्याचा माठ कुठे होता आणि त्यातून कोण पाणी प्यायचं? सायकली कुठे लावायचे? बायका कुठे बसायच्या? गेटवर कोण असायचं आणि कुणाला अडवायचं? पत्त्याच्या खोलीत कुणी बसायचं नाही? अशा प्रश्नांना खरी उत्तरं येतात. मोबाइलवर रेकॉर्ड करा पण आधी विचारून, आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि त्यांची परवानगी त्यांच्याच तोंडून घ्या. शेजारच्या वस्तीत पण जा, ज्यांनी आयुष्यभर कंपाउंडच्या बाहेरून मॅच बघितली त्यांची मुलाखत मला तरी सगळ्यात मोलाची वाटते.

ग्रुप फोटो दाखवत बोललात तर अजून चांगलं. जुन्या फोटोत खुर्चीवर कोण, मागे उभे कोण, खाली सतरंजीवर कोण हे सगळं ठरलेलं असायचं. खाली छापलेल्या नावांत कडेला उभ्या असलेल्या दोन माणसांची नावं बहुतेक वेळा नसतात. ती मिळवायची. फोटोच्या मागे पेनाने लिहू नका, झेरॉक्स काढून त्यावर आकडे टाकून नावं लिहा.

दंतकथा तपासायला विसरू नका. प्रत्येक क्लब सांगतो की इथे टिळक येऊन गेले, गांधीजी येऊन गेले, अमका राजा टेनिस खेळून गेला. येऊन गेलेही असतील, पण वर्तमानपत्रात शोधा. केसरी 1881 पासूनचा आहे, जिल्ह्याच्या गावात स्थानिक साप्ताहिकं असायची, त्यांचे अंक जुन्या वाचनालयात मिळतात. पुणे नगर वाचन मंदिर, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबईत एशियाटिक सोसायटी, आणि सरकारी कागदांसाठी मुंबई आणि पुण्याची पुराभिलेखागारं. सापडलं तर तारखेसकट लिहा, नाही सापडलं तर "सभासद असं सांगतात" एवढंच लिहा.

कधी कधी दंतकथेपेक्षा खरं जास्त मोठं निघतं. डेक्कन जिमखान्यावर लोक पोहायला, टेनिसला जातात, बसस्टॉपला नाव आहे, अख्ख्या भागालाच नाव आहे, पण भारताचा पहिला ऑलिंपिक संघ तिथल्या मैदानावरच्या शर्यतींतून निघाला हे पुण्यातल्याही अनेकांना माहीत नाही. सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते, तिथल्या स्पर्धेत अनवाणी धावणारी पोरं बघून त्यांना वाटलं की यांना ऑलिंपिकला पाठवलं पाहिजे, त्यांनी गव्हर्नरांकडे शब्द टाकला, निवड झाली आणि 1920 ला अँटवर्पला चार धावपटू आणि दोन पैलवान गेले. फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले, सदाशिव दातार, कैकिणी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी होते, कुस्तीत कुमार नवले आणि रणधीर शिंदे. रणधीर शिंदेंचं ब्राँझ थोडक्यात गेलं. एका जिमखान्याने देशासाठी काय करावं याचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही. आणि दुसऱ्या टोकाला बॉम्बे जिमखाना. भारतातली पहिली टेस्ट 15 डिसेंबर 1933 ला तिथे सुरू झाली, सी. के. नायडू कॅप्टन, लाला अमरनाथनी 118 काढून भारताकडून पहिलं टेस्ट शतक ठोकलं, आणि त्याच क्लबात तेव्हा भारतीयांना सभासदत्व नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहायच्या, एक लिहून दुसरी गाळायची नाही.

स्कोअरबुकं सापडली तर ती वेगळी सांभाळा. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर 1948 मध्ये पूना क्लबच्या मैदानावर काठियावाडविरुद्ध नाबाद 443 केले, ब्रॅडमनचा 452 चा विक्रम तेव्हा फक्त 9 धावा लांब होता, आणि समोरच्या कॅप्टनने पुढे खेळायलाच नकार दिला. हे रणजीचं होतं म्हणून नोंद राहिली. तुमच्या गावातल्या कुणीतरी मॅटिंगवर केलेल्या 150 धावांची नोंद फक्त त्या एका फाटक्या वहीत असते.

गावाला काय उपयोग झाला हे प्रकरण लिहिताना मोघम लिहू नका. संकटाच्या वर्षांची यादी करा आणि प्रत्येक वर्षी मैदानावर काय होतं ते शोधा. 1897 च्या प्लेगला तिथे झोपड्या पडल्या का, 1918 च्या साथीत काय झालं, दुसऱ्या महायुद्धात लष्कराने जागा घेतली का, पुण्याकडचे असाल तर 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर, मराठवाड्यातले असाल तर 1993 चा भूकंप, सांगली-कोल्हापूरकडे 2019 चा पूर, मग करोना. पुराने अजून एक कळतं, एखाद्या ठराविक वर्षाआधीचं दफ्तर सापडतच नसेल तर ते भिजून गेलंय का ते विचारा. मग रोजच्या गोष्टी, नगरपालिकेच्या शाळांच्या स्पर्धा होतात का, उन्हाळ्यात पोहण्याच्या बॅचमध्ये बाहेरची किती मुलं आणि फी किती, सकाळी चालायला गेट उघडं असतं का, कोजागिरी सभासदांपुरती का सगळ्यांची. आजची उत्तरं आज लिहून ठेवा, पन्नास वर्षांनी तेच साधन होणार आहे.

लिहिताना वर्षांच्या क्रमाला चिकटून बसू नका, मैदान, माणसं, खेळ, गाव असे भाग केले तर वाचणारा टिकतो. शिस्तभंगाच्या केसेस, उधारी, कोर्टात चालू असलेले वाद यात हयात माणसांची नावं छापू नका. नोकरांची नावं मात्र त्यांना किंवा घरच्यांना विचारून आवर्जून छापा, त्याच टाइपात, त्याच आकारात. कमिटी काही भाग गाळायला सांगेल, विशेषतः जातीचा आणि प्रवेश नाकारल्याचा. वाद घालत बसण्यापेक्षा प्रोसिडिंग बुकातल्या त्या पानाचा फोटोच शेजारी छापायचा प्रस्ताव द्या, स्वतःच्याच ठरावाला नाही म्हणणं अवघड जातं.

छापायच्या आधी आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक घ्या, आपल्याकडे तो फुकट मिळतो, आणि छापून झालं की ग्रंथालयांना पुस्तकं देण्याच्या 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवा. जिल्हा ग्रंथालयात एक, गावातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयात एक, आणि माळीकाकांच्या घरी एक. स्कॅन केलेली सगळी पानं आणि रेकॉर्डिंग दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, एक क्लबात आणि एक क्लबाबाहेर कुठल्यातरी कॉलेजच्या इतिहास विभागात, पोच घेऊन. आणि पुस्तकाच्या शेवटी चार पानं कोरी सोडा, ऑफिसातल्या प्रतीत लोक स्वतःच्या हाताने चुका दुरुस्त करतात, राहिलेली नावं लिहितात, दर सहा महिन्यांनी जाऊन त्याचे फोटो काढून आणा, दुसरी आवृत्ती त्यातूनच करायची असते.